पाठीवरचा डबा

जुने शहर भागातल्या एका पक्षकाराकडून मी दुपारी घरी आलो, स्कूटर लावली, आणि दारात पाऊल टाकतो तोच आईनं विचारलं की दुसरी चप्पल कुठे आहे. मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय उघडा होता. मार्च संपत आला होता, अकोल्याचं डांबर तापायला लागलं होतं, आणि त्या गल्लीतून स्कूटरपर्यंत मी तसाच उघड्या पायानं चालत आलो होतो. तळव्याला हा एवढा फोड. चप्पल निघाली ते कळलं नाही आणि चटका बसला तोही कळला नाही.

आईनं परातीत पाणी आणलं, माझा पाय त्यात ठेवला आणि अंगठा दाबला. मग करंगळी दाबली. लागतं का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. मी वकील आहे, कोर्टात भल्याभल्यांना पटवतो, पण आईपुढे माझं खोटं आजवर एकदाही टिकलेलं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

आम्ही दोघं कशाला भ्यालो होतो ते एकमेकांना सांगायची गरज नव्हती. माझे वडील अमरावतीला सरकारी कचेरीत होते. त्यांचाही पाय असाच गेला. आधी अंगठा बधिर, मग तळवा, मग घोटा. 'होते कमी आपोआप' म्हणत त्यांनी ते ढकलत नेलं, आणि नागपूरला मणक्याचं ऑपरेशन झालं तोवर फार उशीर झाला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. ते पलंगावर पडले ते शेवटपर्यंत पलंगावरच. आई त्यांना सकाळी एका कुशीवर वळवायची, दुपारी दुसऱ्या. आमच्या त्या घरात पावडरचा आणि डेटॉलचा वास कायम असायचा, आणि आजही तो वास कुठे आला की मी तिथून उठून जातो.

बायको अमरावतीला प्राध्यापक आहे, मुलगी तिच्याजवळ शिकते. मी आणि आई अकोल्यात. शनिवारी अमरावतीला गेलो तेव्हा बायकोनं मला ओढतच मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पायाच्या तळव्यावर सुई टोचून पाहिली, फोटो पाहिले, आणि सरळ सांगितलं की चकती सरकली आहे, नस दाबते आहे. लगेच कापायची गरज नाही. पावसाळ्यापर्यंत वाट पाहू, पण बधिरपणा घोट्याच्या वर चढला तर एक दिवसही थांबायचं नाही. आणि तोवर रोज पोहायचं.

मी म्हणालो, मला पोहता येत नाही. ते म्हणाले, शिका. मी म्हणालो, मला वेळ नाही. सकाळी पक्षकार, दिवसभर कोर्ट, संध्याकाळी पुन्हा पक्षकार आणि नंतर फायली. त्यांनी विचारलं, पहाटे पाच वाजता काय करता? मी म्हणालो, झोपतो. 'मग आहे की वेळ,' ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. उलटतपासणीत मी लोकांना असाच अडकवतो, त्यामुळे मला फारच राग आला.

खरी गोष्ट अशी की मला पाण्याची भीती वाटते. 'वाटायची' नाही, अजूनही वाटते. मी अमरावती शहरात वाढलेला माणूस. पाणी मी बादलीत पाहिलेलं. अकोल्यात तर नळाला पाणी चार-सहा दिवसांनी येतं, आणि आलं की अख्खी गल्ली कॅन, ड्रम, गुंड-हंडे, पातेली घेऊन धावते. आमच्या मोरीजवळ पांढऱ्या कॅनची रांगच आहे. अशा गावात बुडून मरायचं म्हणजे चैनच म्हणायची. पण छातीच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकतो, हे मला पूर्वीच एकदा लेकीबरोबर वॉटर पार्कात गेलो तेव्हा कळलं होतं. चार वर्षांची पोर मला हाताला धरून बाहेर घेऊन आली होती.

शहरातल्या तलावातली सकाळची बॅच भरलेली होती. मी मनातून खूश झालो. पण आमच्या शेजारी एक बालरोगतज्ज्ञ राहतात. त्यांना आईकडून कळलं, आणि ते म्हणाले की तलाव कशाला पाहिजे, आम्ही विहिरीवर जातो ना. पातूर रस्त्याला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनियरसाहेबांची लिंबांची बाग आहे, तिथल्या विहिरीत ते रोज पहाटे पोहतात. डॉक्टर, एक बँकेतले अधिकारी, एक महावितरणचे, एक कॉलेजातले. सगळे माझ्याच वयाचे, सगळे माझ्यासारखेच गळ्यापर्यंत कामात. साहेब सगळ्यांना शिकवतात. अमुक-तमुक तर दगड होता दगड, आज मासा झाला.

इकडे आड तिकडे विहीर ही म्हण मी कोर्टात शंभर वेळा वापरली असेल. माझ्या बाबतीत एका बाजूला खरोखरचीच विहीर निघाली, आणि दुसऱ्या बाजूला वडिलांचा पलंग होता.

पहिल्या दिवशी मी फक्त पाहायला गेलो. काळ्या दगडात बांधलेली मोठी गोल विहीर, आत उतरायला पायऱ्या, भिंतीच्या फटींत पारव्यांची घरटी. पाणी बरंच खाली, आणि उजेड नीट नव्हता म्हणून ते मला काळंच दिसलं. आत कोणी हसलं की तो आवाज भिंतींवरून फिरून वर यायचा. डॉक्टर वरच्या कठड्यावरून नाक धरून सरळ खाली गेले. पाणी मिटलं. मी वाट पाहिली. ते दुसऱ्याच बाजूला वर आले आणि मला हात करू लागले. माझे पाय लटपटत होते, म्हणजे उजवा लटपटत होता, डाव्याचं काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं.

साहेब कठड्यावर बसलेले असत. सत्तरीच्या पुढचे, अंगानं काटक, डोळ्यांत मोतीबिंदू आलेला पण ऑपरेशन 'पाहू' म्हणून पुढे ढकललेलं. ते स्वतः आता उतरत नसत, वरूनच दोर धरायचे आणि सूचना द्यायचे. त्यांनी मला विचारलं, काय वकीलसाहेब, कसं वाटलं. मी म्हणालो, भीती वाटते. सगळे हसले. बँकवाले म्हणाले, पाण्यात पडलं की पोहता येतं. हे वाक्य ज्यानं काढलं तो माणूस काठावर उभा असणार, याबद्दल मला शंका नाही.

पद्धत अशी. पाच लिटरचा प्लास्टिकचा रिकामा डबा, झाकण घट्ट, दोरीनं पाठीला बांधायचा, आणि त्याच दोरीला साहेबांच्या हातातला दोर अडकवायचा. डबा तरंगतो, त्याच्याबरोबर माणूस तरंगतो. खेड्यांत पोरं अशीच शिकतात. आमचं शिकायचं वय गेलं एवढंच. आईनं मोरीजवळच्या रांगेतला एक चांगला कॅन काढून दिला. देताना झाकण दोनदा फिरवून पाहिलं, कानाशी धरून हलवला. मला वाटलं, कॅन परत आणशील ना याची तिला काळजी आहे.

दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांवरून कमरेपर्यंत उतरलो आणि परत वर आलो. तिसऱ्या दिवशी छातीपर्यंत. मग एकदा डॉक्टरांनी मला हलकेच धक्का दिला. मी ओरडलो, काय ओरडलो ते इथे लिहीत नाही, आणि पारवे सगळे एकदम उडाले. डब्यानं मला उचललं. माझ्याखाली किती पाणी आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नाही. मी दोन्ही हातांनी त्या डॉक्टरांची मान धरली. ते पोहणारे म्हणून बचावले.

असे दिवस गेले. लोक म्हणतात हळूहळू भीती मोडते. माझी नाही मोडली. रात्री जेवताना मला उद्याची विहीर आठवायची आणि घास फिरायचा. पहाटे गजर व्हायच्या आधीच जाग यायची, आणि मी अंथरुणात पडून कारणं शोधायचो. आज अर्जंट तारीख आहे. आज अंग गरम वाटतंय. मग मी डाव्या पायाची बोटं चादरीला घासून पाहायचो. चादर लागायची नाही. उठायला तेवढं पुरायचं. मी एका भीतीला घाबरून दुसरीकडे जात होतो, यात शौर्य कसलं आलंय.

पण एक सांगितलं पाहिजे. बाकीचं सगळं बदललं, आणि ते मला न विचारता बदललं. मी रात्री लवकर झोपायला लागलो. आधी दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चालायचा. आता तोंडात खर्रा धरून पाण्यात उतरता येत नाही म्हणून सकाळचा सुटला, आणि सकाळचा सुटला तसा दुपारचाही कमी झाला. कोर्टात मी पूर्वी साक्षीदारावर खेकसायचो, तो आवाज खाली आला. एका ज्येष्ठ वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तब्येत बरी आहे ना. डॉक्टर म्हणायचे, आठ वाजल्यापासून आपला वेळ दुसऱ्यांच्या लेकरांचा असतो, तोपर्यंतचा आपला. महावितरणवाल्यांचा रक्तदाब विहिरीनं उतरवला होता, असं तेच सांगायचे. पोहून झालं की सगळे कठड्यावर बसून लिंबूपाणी प्यायचे आणि उगाच खिदळायचे, आणि साडेसातला जो तो आपल्या तोंडावर कामाचं तोंड चढवून निघायचा. मला ती माणसं आवडायला लागली होती. विहीर मात्र आवडली नाही.

घरी आलो की आई दारातच असायची. रोज. मला वाटायचं, नळ येतो का म्हणून बघत असेल. मग ती पाट घेऊन बसायची आणि माझ्या पायाची बोटं एकेक दाबायची. करंगळी लागायला लागली होती. शेजारचं बोट कधी लागायचं, कधी नाही. अंगठा नाहीच. घोटा अजून माझा होता.

मे महिन्यात एका सकाळी मी डबा पाठीला बांधून नेहमीसारख्या दोन फेऱ्या मारल्या आणि पायऱ्यांकडे आलो. साहेब वरून म्हणाले, 'डबा सोडा आता.' मी म्हणालो, सोडतोच आहे, झालं माझं. ते म्हणाले, 'तसं नाई. सोडा आन मंग पोहा.'

मी नाही म्हणालो. स्पष्ट नाही. तेव्हा साहेबांनी सांगितलं. त्यांच्या गावाकडची रीत होती म्हणे. भित्र्या पोराचा डबा कधी सोडायचा नसतो, कारण तो सोडू देत नाही. त्याला न सांगता डब्याला दोन बारीक भोकं पाडायची, एक तळाशी, एक वर. पोरगं पाण्यात गेलं की डबा हळूहळू भरतो. भरलेला डबा पाण्यात तारतही नाही आणि जडही लागत नाही. पोराला वाटतं डबा आहे, आणि ते आपलं आपलं पोहत असतं. आठवडा असा गेला की सांगायचं. 'मागच्या सोमवारी तुमी कपडे घालत होते,' साहेब म्हणाले, 'तवाच मोटारीच्या खोलीत सुई तापवून भोकं पाडली म्या. आठ दिस झाले, तुमी डब्याबिगर पोहून राहिले.'

सगळे टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, ते आ वासून माझ्याकडे पाहत होते. मला आधी संताप आला. माझ्या जिवाशी खेळ, आणि मलाच न विचारता! मी साहेबांना दोन-चार शब्द सुनावलेदेखील. ते हसत होते. आणि मग, बोलता बोलता, मला जाणवलं की मला भीती वाटत नाहीये. आठ दिवस मी आपला आपला पोहत होतो. म्हणजे येतंय मला. जे होऊन गेलं त्याला काय भ्यायचं? मी तिथेच पाण्यात दोरी सोडली, डबा पायरीवर फेकला आणि निघालो.

डोकं एकदा खाली गेलं. नाकात पाणी गेलं. पण मला ठाऊक होतं की मी पोहतो, म्हणून मी हात मारत राहिलो, आणि पलीकडची भिंत हाताला लागली. तिथल्या दगडाला धरून मी हसलो. परत आलो. मग आणखी एकदा जाऊन आलो. आयुष्यात माझ्या इतक्या टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या. एक मोठी केस जिंकलो होतो तेव्हाही नाही.

घरी येताना मी स्कूटरवर गाणं म्हणत होतो. आई दारात होती. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, साहेबांची रीत, तापवलेली सुई, दोन भोकं, आठ दिवस. बरंच रंगवून सांगितलं. ती भेंडी चिरत होती. चिरता चिरता तिचा हात थांबला.

'ते भोकं त मी बुजवले,' ती म्हणाली.

मला वाटलं ती काहीतरी वेगळं म्हणतेय. तिनं उठून कॅन आणला आणि दाखवला. तळाशी आणि कडीखाली, दोन्हीकडे वितळलेल्या प्लास्टिकचा इवलासा डाग. ती रोज संध्याकाळी तो कॅन पाण्यानं भरून उलटा करून पाहायची. रोज. मी पक्षकारांत असायचो तेव्हा. मागच्या सोमवारी त्यातून पाण्याची बारीक धार आली. तिनं जुन्या झाकणाचा तुकडा मेणबत्तीवर वितळवून दोन्ही भोकं लिंपली, वाळू दिली, पुन्हा भरून पाहिला, आणि मगच ठेवला. कॅनला भोक पडलं तर आमच्या गल्लीतली कोणतीही बाई हेच करते, तिनं ते मला सांगायचं कारणही नव्हतं. 'तुहा जीव त्याच्यावर होता,' ती म्हणाली. 'मी काहून नाई पाहीन?'

म्हणजे एक दिवसही नाही. त्या आठ दिवसांत एक दिवसही मी आपला आपला पोहलो नव्हतो. डबा पक्का होता, हवेनं भरलेला होता, आणि त्यानंच मला धरलं होतं. साहेबांना वरून धूसर डोळ्यांनी ते दिसलं नाही. आणि आज सकाळी, पोहता न येणारा मी, त्या काळ्या पाण्यात डबा सोडून मजेत गेलो होतो, हसत.

झालं ते सकाळी झालं होतं, आता मी घरात फरशीवर बसलो होतो, वर पंखा फिरत होता, आणि मला बुडण्याची भीती वाटत होती. नाकात ते पाणी पुन्हा आलं. मी आईकडे पाहिलं, की ती काही बोलेल, धीर देईल.

ती पांढरी पडली होती. तिच्या ध्यानात आलं होतं ते माझ्या ध्यानात अजून आलं नव्हतं. भोकं तशीच राहिली असती तर मी डब्याबरोबर हळूहळू शिकलो असतो, किंवा बुडायला लागलो असतो तर साहेबांच्या हातातल्या दोराला बांधलेला तरी होतो. तिनं ती लिंपली म्हणून साहेब चुकले, आणि साहेब चुकले म्हणून मी आज डबा सोडला.

'म्हंजे आज तू बुडला असता त मी बुडवला असता तुले,' ती म्हणाली.

मी म्हणालो, अगं काहीतरीच काय. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. तिनं त्या दिवशी जेवण केलं नाही, मीही नीट केलं नाही. संध्याकाळी तिनं नेहमीसारखी माझी बोटं दाबली, पण तिचीच बोटं इतकी गार होती की मला काय लागतं आणि काय नाही ते मला सांगता येईना.

शेजारच्या डॉक्टरांना फोन करून मी सांगितलं, उद्यापासून नाही. बस झालं. चालायला जाईन, मैदानावर फेऱ्या मारीन, योगासनं करीन, काहीही करीन. त्यांनी साहेबांना कळवलं. साहेबांचा मला फोन आला. ते एवढंच म्हणाले की त्यांना रात्री झोप लागायची नाही, आणि मी यायचं की नाही ते मी ठरवावं. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फिरायला गेलो तर कंबरेतून कळ निघाली आणि अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं. तिसऱ्या सकाळी मी चादरीला पाय घासला, आणि करंगळीला चादर लागली नाही.

मी ते आईला सांगितलं नाही. तिनं बोट दाबलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

पुढे पावसाळ्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी पुन्हा सुई टोचून पाहिली आणि ऑपरेशन नको म्हणाले. अंगठा आजही थोडा बधिर आहे, बाकी पाय माझा आहे. पण हे मी आज लिहितोय म्हणून लिहू शकतो. त्या सकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे वडील होते आणि विहीर होती.

चौथ्या दिवशी पहाटे मी उठलो तर आई लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन ओट्यावर बसली होती. 'चाल,' ती म्हणाली. 'मी येते संगं.' मी म्हणालो, तू कशाला, तुला नाही बघवणार. ती म्हणाली, 'पाहाले नाई येत. तुह्या बापाच्या वेळी मी म्हटलं होतं, नका जाऊ ऑपरेशनले, भेव लागते मले. म्हणून ते थांबले.' एवढं ती मला आजवर कधी बोलली नव्हती. स्कूटरवर मागे बसून तिनं माझा शर्ट मुठीत धरला होता, पातूर रस्ता लागेपर्यंत आणि त्याच्या पुढेही.

विहिरीवर सगळे होते, पण त्या दिवशी कोणी खिदळलं नाही. साहेबांनी आईला नमस्कार केला आणि खाली मान घातली. नवीन डबा आणून ठेवला होता, भोकाबिगरचा. बांधायचा असेल तर बांधा, असं ते म्हणाले. डॉक्टर आधीच पाण्यात उतरून मधोमध थांबले होते. बँकवाले दोर घेऊन उभे राहिले.

आई कठड्यापाशी आली नाही. मोटारीच्या खोलीच्या पायरीवर ती विहिरीकडे पाठ करून बसली, लिंबांच्या झाडांकडे तोंड करून, दोन्ही हात मांडीवर.

मी पायऱ्या उतरलो. कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, आणि श्वास अडकला. डबा वर कठड्यावर होता. मी तो मागितला असता तर दिला असता सगळ्यांनी, आणि आणखी आठ दिवसांनी मी पुन्हा इथेच, याच पायरीवर असतो. मी इतका भ्यालो होतो की मला रडू येत होतं, आणि वरच्या माणसांना ते दिसत असेल तर दिसू दे असं वाटत होतं. मग मी पायरी सोडली.

खाली गेलो. डबा फेकला त्या दिवसापेक्षा जास्त खाली गेलो, कारण या वेळी मला ठाऊक होतं की मला येत नाही. कानांत पाणी, डोळे मिटलेले, हातांना काहीच लागत नव्हतं. मी हात मारले, पाय मारले, दोन्ही पाय, आणि तोंड बाहेर आलं. डॉक्टर हात लांब करून होते, पण त्यांनी मला धरलं नाही. मी त्यांच्या बाजूनं गेलो. वाकडातिकडा गेलो, पण भिंतीपर्यंत गेलो आणि दगड धरला. छाती धाडधाड उडत होती. वर सगळे श्वास रोखून उभे होते.

त्या शांततेत वरून आईचा आवाज आला. 'वर आला का?'

मी सगळा दम गोळा करून 'आलो' म्हणालो. माझा आवाज भिंतींवरून फिरून वर गेला, तिच्यापर्यंत नक्की गेला असणार. साहेबही म्हणाले, आला हो, आला. पण मी अजून पाण्यातच होतो, आणि तिनं मान वळवली नाही.

'वर आला का?' तिनं पुन्हा विचारलं.